परकराची नाडी

चाळीस वर्षं मी परकराची नाडी एकाच जागी आवळली. गाठ कायम उजव्या कुशीवर. रत्नागिरीचा दमट उन्हाळा, त्यात आंब्याच्या पेट्या भरायची घाई. परकर घामानं चिंब, नाडीखाली कंड सुटायचीच. तिथली कातडी आधी काळवंडली, मग तिच्या खपल्या निघू लागल्या. नायटा असेल म्हणून मी कधी खोबरेल, कधी दुकानातलं मलम चोळत राहिले.

एका मृगात तिथं चीर पडली. गणपती येऊन गेले तरी भरेना. कडा जाड, टणक झाल्या. पण दुखत नव्हतं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. दिवाळीत सुनेनं धुवायला घेतलेला परकर पुढे धरला. "आई, नाडीला हे रक्त कसलं?" डाग तिळाएवढे, पण सुकलेल्या डागांवर ताजे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी काखेत-जांघेत गाठी चाचपल्या आणि चिरेचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला स्क्वॅमस सेल कॅन्सर. त्या म्हणाल्या, हे नवं नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या काचानं कमरेवर होणारा कॅन्सर नोंदवला होता; पुढे साडीचाही नोंदला गेला. कातडी रोज सोलवटते, रोज सांधते. वर्षानुवर्षांच्या या डागडुजीत कधीतरी पेशी बिघडतात. माझा पसरला नव्हता. भोवतालच्या चांगल्या कातडीसकट तो भाग काढला, तेवढ्यावर निभावलं.

तेव्हा त्वचेच्या कॅन्सरच्या तीन प्रकारांबद्दल जे कळलं, ते सांगते.

माझ्यासारखा कॅन्सर जुन्या भाजल्याच्या व्रणावरही उठतो. तिथं नव्यानं जखम झाली, खडबडीत गाठ वाढू लागली, तर दाखवा.

दुसरा बेसल सेल. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाडोळ्यांजवळ होतो. मोत्यासारखी चकाकती पुळी, मध्ये खड्डा. खपली पडते, पुन्हा धरते. आपल्या वर्णात ती काळीही असते, म्हणून तीळ समजून सोडून देतात. तो सहसा दूर पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरतो.

तिसरा मेलॅनोमा. क्वचित होणारा, पण सर्वांत घातक. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली दिसतो. डाग वाढतो, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही. नखातली काळी रेघ रुंदावत जाते. भोवरी समजून ब्लेडनं कापू नका.

नाडी सैल बांधा, गाठीची जागा बदलत राहा, नाहीतर रुंद पट्टा लावून घ्या. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर कंबर आणि तळपाय उजेडात बघा. महिनाभरात न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा. दुखेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. माझी चीर शेवटपर्यंत दुखली नाही.