होडीतला एकांत

आजचे शुभवर्तमान : मार्क ६:३०-३४



मागच्या आठवड्यात नववी-दहावीच्या मुलांच्या तीन दिवसांच्या रिट्रीटला मदतनीस म्हणून गेले होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल जमा. दुसऱ्या दिवशी कन्फेशन आणि रात्री पवित्र साक्रामेंताची आराधना. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. निघताना बसपाशी एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मागच्या वर्षीपण असंच वाटलं होतं. घरी गेले आणि दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी. मग इथे जे वाटतं ते खरं असतं का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न घेऊन मीही कित्येक वर्षं फिरत होते.

मी नववीत असताना रिट्रीटहून परतले, तेव्हा वहीत लिहून आणलं होतं, 'आजीशी प्रेमाने वागायचं.' आजीला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. दारातच तिने विचारलं, "जेवलीस का गं?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी ओरडले, "किती वेळा तेच तेच विचारतेस!" ती गप्प झाली. हातातली रोजरी तशीच धरून बसून राहिली.

त्या रात्री मी वहीतलं पान फाडून टाकलं. रिट्रीट म्हणजे तीन दिवसांचं नाटक, असं ठरवून टाकलं. पुढची दोन वर्षं कन्फेशनला गेले नाही. त्याच काळात आजी देवाघरी गेली. तिची माफी मागायची राहूनच गेली.

चिंतन

आजच्या शुभवर्तमानात प्रेषित दमून परत आले आहेत. लोकांची इतकी ये-जा, की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना विसाव्यासाठी एकांतात घेऊन जातो. आपण रिट्रीटबद्दल बोलताना बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण पुढे वाचा. ती होडीतून निघतात, लोक त्यांना ओळखतात आणि पायी धावत त्यांच्या आधी तिथे पोहोचतात! म्हणजे शिष्यांना एकांत मिळाला तो फक्त होडीतला.

किनाऱ्यावरची गर्दी बघून येशू चिडत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो. ती त्याला मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी दिसतात आणि तो त्यांना शिकवत बसतो. त्यानंतर पाच हजारांना जेवू घालतो. आणि लोकांना निरोप दिल्यावर काय करतो? प्रार्थनेसाठी डोंगरावर जातो (६:४६). मोडलेला एकांत तो सोडून देत नाही, त्याच दिवशी पुन्हा शोधतो.

मी नेमकं उलटं केलं. आजी ही माझ्या किनाऱ्यावरची गर्दी होती. तिला बघून मी चिडले, ही माझी चूक. पण चुकल्यावर डोंगरावर जाण्याऐवजी मी प्रार्थनाच सोडली, ही त्याहून मोठी चूक.

आपल्या रिट्रीटमागे ज्यांची शिकवण आहे, त्या संत इग्नाशियस लोयोला यांनाही हा चढउतार चांगला माहीत होता. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की आनंद मागे टिकतो. पुढे त्यांनी आध्यात्मिक साधनेचं पुस्तक लिहिलं. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची असते. शाळेतली रिट्रीट म्हणजे तिची छोटीशी चव. त्यातला एक नियम मला नववीत कुणी सांगायला हवा होता : मन कोरडं, निराश असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. उलट प्रार्थना थोडी वाढवायची.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच म्हटलं, "खरं असतं गं. पण ते पुरं झालेलं नसतं. घरी चिडलीस तर त्याच रात्री देवाकडे परत ये. पुढच्या रिट्रीटची वाट बघू नकोस." आणि आजीची गोष्टही सांगितली.

आजसाठी

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. आज देवाने काय दिलं, ते आठवा. आपण कुणावर चिडलो, ते प्रामाणिकपणे बघा. ती व्यक्ती घरात असेल, तर उद्यावर न ढकलता तिच्याजवळ जा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्याजवळ मिळालेली शांती आम्ही घराच्या उंबरठ्यावरच सांडतो. आम्हाला क्षमा कर. जे आम्हाला पुन्हा पुन्हा हाक मारतात, त्यांच्याकडे तुझ्या नजरेने बघायला शिकव. आणि आम्ही चुकलो, की आम्हाला पुन्हा तुझ्याकडे बोलाव. आमेन.