ध्वनिमुद्रणगृहांत उमेदवारी करूं इच्छिणारास

गेल्या वैशाखांत, तेंदूपानांचा हंगाम ऐन भरांत असतां, आमचा एक जुना विद्यार्थी धानोऱ्याकडून आमच्या घरीं आला. नागपुरांतील एका ध्वनिमुद्रणगृहांत त्यास तीन महिन्यांची उमेदवारी, म्हणजे हल्लीं जिला इंटर्नशिप म्हणतात ती, मिळण्याचा संभव होता व महिन्याभरानें मुलाखतीस बोलावणें होतें. अर्जांत ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना होता. तेथें काय लिहावें हें त्यास सुचेना. "सर, मीं तर स्टुडिओ डोळ्यांनीं पाहिलाही नाहीं," असें तो म्हणाला. तेंदूच्या दिवसांत घरचा एक हात कमी झाला म्हणजे वर्षाच्या रोख मिळकतीस तेवढी खोट बसते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. वडिलांनीं त्यास जाऊं दिलें होतें खरें, परंतु एकदांच.

असाच प्रश्न पूर्वीं दुसऱ्या एका मुलानें आम्हांस विचारला होता, आणि आम्हीं त्याचें उत्तर वाईट दिलें होतें. "थोडा अनुभव आहे असें लिही, पुढें निभावून जाईल," असें आम्हीं सांगितलें. मुलाखतींत त्याच्या हातीं एक मायक्रोफोन देऊन हा कोणत्या प्रकारचा, असें विचारण्यांत आलें. मुलगा गप्प राहिला. नाकारला गेला याहून खोटा पडला याचें दुःख त्यास अधिक झालें, आणि पुन्हां त्यानें कोठें अर्ज केला नाहीं. चूक त्याची नव्हती, आमची होती. प्रस्तुत लेख लिहिण्यास तेंच कारण होय.

ज्या धंद्यांत आपण शिरूं पाहतों त्यांतील आरंभींचे लोक तरी कोठें अनुभव घेऊन आले होते? १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. स्टुडिओजवळून आगगाड्या धडधडत जात, म्हणून त्याचें बरेंचसें काम रात्रीं उरकावें लागलें. पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला. त्याचें ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांनीं संभाळलें. दामले हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत, मूकपटांच्या काळांत तयार झालेले कलावंत. हात, डोळा व कान यांस चिकाटीची जोड, एवढेंच त्यांचें भांडवल. पुण्यास प्रभातच्याच आवारांत १९६० सालीं निघालेल्या सरकारी चित्रपट संस्थेंत आज ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. दामल्यांस तशी सोय नव्हती.

तथापि अनुभव नसला तरी चालेल, अज्ञान मात्र चालणार नाहीं. मायक्रोफोनचे दोन मुख्य प्रकार आधीं समजून घ्यावेत. डायनॅमिक प्रकारांत पातळ पडद्यास जोडलेलें तारेचें वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हालतें व त्यामुळें वीज उत्पन्न होते. हा दणकट असून त्यास बाहेरून वीज लागत नाहीं. कंडेन्सर प्रकारांत विद्युद्भारित पडदा व पट्टी यांमधील अंतर कमीअधिक होतें. हा फार नाजूक आवाजही टिपतो, परंतु त्यास बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठा तारेंतूनच करावा लागतो. दुसरी गोष्ट, मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. एखाद्या कंपनाची नोंद अंकांत करावयाची तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें. म्हणूनच सीडीवर सेकंदास ४४,१०० मापें असतात व चित्रपटांसाठीं ४८,०००. हे आंकडे नुसते घोकून जाणारा पुढल्या प्रश्नास अडखळतो. ‘दुप्पट कां’ हें ज्यास कळलें तो अडखळत नाहीं.

याहून मोलाचा अभ्यास मात्र कानाचा, आणि त्यास पैसा लागत नाहीं. त्या मुलाजवळ एक साधा मोबाईल होता. एकच उतारा त्यानें तीन ठिकाणीं वाचून मुद्रित करावा, असें आम्हीं त्यास सांगितलें: पत्र्याच्या छपराच्या वर्गांत, उघड्या अंगणांत, आणि धानाचीं पोतीं रचलेल्या खोलींत. वर्गांत आवाज भिंतीभिंतींवर आपटून गढूळ झाला. अंगणांत स्वच्छ, पण वाऱ्यानें फाटलेला. पोत्यांच्या खोलींत इतका जवळचा कीं तो स्वतःच दचकला. हजारों रुपये खर्चून स्टुडिओच्या भिंतींस जें अस्तर लावतात त्याचें काम धानाच्या पोत्यांनीं त्यास समजावून दिलें. मग आम्हीं फोन तोंडापासून वीतभर, दोन वीत, चार वीत असा दूर नेला. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची पातळी सुमारें सहा डेसिबलांनीं उतरते, आणि भोंवतालचा गलका मात्र तेवढाच राहतो. ‘ऑडॅसिटी’ नांवाची संगणकप्रणाली फुकट मिळते. शाळेच्या संगणकावर तींत त्यानें हे तुकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहिले. पुढें आपल्या आजीची परवानगी घेऊन त्यानें तिचें एक गोंडी गाणें मुद्रित केलें. परवानगीवांचून कोणाचा आवाज घेऊं नये, हाही या धंद्याचा पहिल्याच दिवसाचा पाठ आहे.

बोलतां बोलतां एके दिवशीं त्याच्या तोंडून असें निघालें कीं, झाडीपट्टीच्या नाटकांच्या मोसमांत दोन वर्षें तो एका भोंगेवाल्याच्या हाताखालीं होता. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गांवोगांव निघतात, शंकरपटाच्या गांवीं रात्र उजाडेपर्यंत खेळ चालतात, हें सर्वांस ठाऊक आहे. तेथें याने तारा ओढल्या, मायक्रोफोन टांगले, आणि भोंगा शीळ घालूं लागला म्हणजे मायक्रोफोन स्वतःचाच आवाज पुन्हां ऐकत आहे हें ओळखून त्याचें तोंड फिरविलें. "मग हें तूं आधीं कां नाहीं सांगितलेंस?" आम्हीं विचारलें. "तें काय सर, तें तर मजुरीचें काम," तो म्हणाला. आमच्या मुलांचें बहुतेक ज्ञान याच वाक्याखालीं गाडलें जातें. त्या रकान्यांत आम्हीं त्याच्याकडून असें लिहवून घेतलें: ‘नाटकांच्या दोन मोसमांत ध्वनिक्षेपकाच्या कामीं मदत केली. स्टुडिओंत काम केलेलें नाहीं.’

उमेदवारास पहिले कित्येक दिवस तारा गुंडाळणें, नोंदी लिहिणें, चहा आणणें व मुद्रण चालू असतां श्वाससुद्धां जपून घेणें, एवढेंच काम असतें. म्हणून तार पिळ न पडतां, एक वळसा सरळ व एक उलट, अशी गुंडाळण्याचा सराव त्यानें केला. मालकास विचारावयाचे प्रश्नही आम्हीं लिहून दिले: कामाचे तास किती, विद्यावेतन आहे कीं नाहीं, यंत्रास हात लावावयास केव्हां मिळेल, शेवटीं प्रमाणपत्र देणार काय. कांहीं ठिकाणीं शिकविण्याच्या नांवाखालीं उमेदवाराकडूनच पैसे मागतात. तेथें आधीं घरीं विचारतों म्हणून उठावें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्याची खोटी मुलाखत घेतली. "डेसिबल म्हणजे काय?" याचें उत्तर त्यानें बरें दिलें. "मिडी म्हणजे काय?" हा प्रश्न मुद्दाम त्याच्या तयारीबाहेरचा ठेवला होता. तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "ठाऊक नाहीं सर. पण सांगाल तर लिहून घेतों." वही व पेन्सिल त्याच्या खिशांत होतीच. सकाळच्या एसटीनें तो गेला.