‘स्वतः लिहिलेले’ : अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांतील साक्षीचा प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचा इतिहास मांडताना बंडे, पलायने, यादवी युद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती असा क्रम सामान्यतः लावला जातो. गुलामांनी लिहिलेल्या आत्मकथनांना या इतिहासात जागा मिळते ती बहुधा पुराव्याची. मळ्यावरचे कष्ट, अन्नवस्त्राचे माप, फटक्यांच्या शिक्षा, आई-मुलांची ताटातूट यांविषयीच्या माहितीचा साठा म्हणून ती वाचली जातात. हे वाचन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. या ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठांवर वारंवार आढळणारी ‘स्वतः लिहिलेले’ ही अक्षरे त्याचे अपुरेपण दाखवून देतात. आत्मचरित्र ज्याचे त्याने लिहिलेले असते, हे एरवी कोणी छापून सांगत नाही. येथे ते सांगावे लागले, आणि सांगूनही पुरले नाही. ग्रंथाच्या आरंभी वा अखेरीस प्रतिष्ठित गौरवर्णीयांची प्रस्तावना, पत्र किंवा प्रमाणपत्र जोडण्याचा प्रघात पडला. साक्ष कोणाची ग्राह्य धरावयाची, या प्रश्नावरचा झगडा या प्रघातात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या झगड्याचा मागोवा मुख्यतः फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट जेकब्ज यांच्या लेखनाच्या आधारे घेतला आहे.

या प्रश्नाची एक बाजू थेट कायद्याची होती. दक्षिणेकडील गुलाम-राज्यांत गौरवर्णीयाच्या विरोधात गुलामाची साक्ष न्यायालयात चालत नसे. म्हणजे अत्याचार झाला, तो सहन करणाऱ्याने आणि भोवतालच्या दहा गुलामांनी पाहिला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो कोणीच पाहिलेला नसे. न्यायालयाने नाकारलेली साक्ष मुद्रित ग्रंथाच्या रूपाने वाचकांपुढे ठेवणे, हे आत्मकथनाचे पहिले कार्य ठरते. परंतु वाचकांचे न्यायालयही हमीदार मागत होते.

या हमीदारीचा आरंभ आत्मकथनातून नव्हे, तर कवितेतून झालेला दिसतो. पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलेली फिलिस व्हीटली ही सात-आठ वर्षांची मुलगी १७६१ मध्ये बोस्टनच्या बाजारात विकली गेली. तिचे पहिले नाव ज्या जहाजाने तिला आणले त्या जहाजाचे, आणि आडनाव मालकाचे. तिचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांचे प्रमाणपत्र जोडावे लागले. त्यांत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते आणि पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हॅनकॉकही होते. कविता याच मुलीने रचल्या, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. थॉमस जेफरसन यांनी त्यानंतरही तिच्या कविता समीक्षेच्या पात्रतेच्या नाहीत असा शेरा मारला. त्यांच्या दृष्टीने वाद केवळ काव्यगुणांचा नव्हता. कृष्णवर्णीयांच्या ठिकाणी कल्पनाशक्ती आहे की नाही, हा होता. माणूसपण सिद्ध करण्यासाठी कविता सादर करावी लागणे, ही साहित्याच्या इतिहासातील विलक्षण घटना मानावी लागेल.

ओलाउडा इक्वियानो यांचे १७८९ चे लंडनमधील आत्मचरित्र ‘स्वतः लिहिलेले’ या शब्दांनिशीच आले. त्याला वर्गणीदारांची लांबलचक यादी होती. १७९२ मध्ये वृत्तपत्रांनी लेखकाच्या आफ्रिकी जन्माविषयी शंका काढली, तेव्हा नव्या आवृत्तीत त्यांना आणखी पत्रे जोडावी लागली. अलीकडे व्हिन्सेंट कॅरेटा यांनी बाप्तिस्म्याची आणि जहाजावरील नोंद पुढे आणली असून तीत जन्मस्थान कॅरोलिना असे आहे. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. दोन शतकांनंतरही चर्चा पुन्हा जन्मस्थळाकडेच वळते, ही गोष्ट या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकाने मनात ठेवावी.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने उठाव केला. गुलामगिरीविरुद्धचा हा सर्वांत गाजलेला सशस्त्र उठाव. परंतु त्याच्या नायकाचे निवेदन आपल्यापर्यंत पोचते ते थॉमस ग्रे या गौरवर्णीय वकिलाच्या लेखणीतून, टर्नरला फाशी दिल्यानंतर छापलेल्या ‘कबुलीजबाबा’च्या रूपात. त्यातले टर्नरचे किती आणि ग्रेचे किती, याचा निवाडा होणे कठीण आहे. उठावानंतर गुलामांच्या अक्षरशिक्षणावरची बंधने अनेक राज्यांत अधिक आवळली गेली. साउथ कॅरोलिनाने तर १७४० मध्येच गुलामांना लिहावयास शिकविण्यास मनाई केली होती. दोन वर्षे आधी, १८२९ मध्ये, डेव्हिड वॉकर या स्वतंत्र कृष्णवर्णीयाने बोस्टनहून काढलेले आवाहनपत्र खलाशांकरवी दक्षिणेत शिरले होते, हेही या धास्तीमागचे एक कारण होय. सत्ताधाऱ्यांना अक्षराचे सामर्थ्य पुरते कळले होते.

डग्लस यांच्या आत्मकथनात अक्षरओळखीचा प्रसंग केंद्रस्थानी का आहे, याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो. मेरीलँडमध्ये १८१८ मध्ये जन्मलेल्या या मुलाला बाल्टिमोर येथील मालकीण सोफिया ऑल्ड मुळाक्षरे शिकवू लागली आणि तिच्या नवऱ्याने ते थांबविले. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हा मालकाचा युक्तिवाद मुलाने ऐकला आणि शत्रूच्या तोंडूनच त्याला आपला मार्ग कळला. पुढची हकीकत रस्त्यावरची आहे. भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचावयास शिकणे. गोदीतील सुतार जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या लाकडांवर जी अक्षरे खडूने काढीत ती गिरवणे. कुंपण, भिंत आणि फरसबंदी यांची पाटी करणे. आणि धन्याच्या मुलाने टाकून दिलेल्या वह्यांतील मोकळ्या जागेत त्याचे अक्षर उतरवून काढणे. धन्याच्या ओळींच्या मधल्या जागेत लिहिणे ही पुढील सर्व लेखनाची जणू पूर्वतयारीच होती.

या विद्येचा पहिला व्यवहारी उपयोग डग्लस यांनी कोणता केला, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १८३६ च्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी सोबत्यांसह पळण्याचा बेत केला आणि प्रत्येकासाठी मालकाच्या नावाने परवाना लिहिला. बेत फुटला. डग्लस यांनी आपला परवाना चुलीत टाकला, सोबत्याने भाकरीबरोबर खाऊन टाकला. पुराव्याअभावी त्यांच्यावर काही सिद्ध करता आले नाही. कृष्णवर्णीयाच्या प्रत्येक हालचालीला गोऱ्या माणसाचा लेखी हवाला मागणाऱ्या व्यवस्थेत गुलामाने तो हवालाच स्वतः तयार केला. कायदा याला खोटा दस्तऐवज म्हणेल. परंतु प्रमाणपत्राची सत्ता कशावर उभी आहे हे या तरुणाने जाणले होते, आणि त्याच्या नंतरच्या ग्रंथलेखनाकडे पाहताना हा जळालेला परवाना विसरून चालत नाही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, उसन्या कागदपत्रांच्या आधारे ते उत्तरेस निसटले. १८४१ पासून गुलामगिरीविरोधी सभांचे ते वक्ते झाले. त्या वक्तृत्वानेच नवा पेच उभा केला. हा मनुष्य इतके चांगले बोलतो, तर तो गुलाम होता कशावरून, असे श्रोते विचारू लागले. चळवळीतील हितचिंतकांनी सल्ला दिला की त्यांनी केवळ घटना सांगाव्यात, त्यांवरचे भाष्य इतरांवर सोपवावे. बोलण्यात मळ्यावरची लकब थोडी राहू द्यावी. शत्रूने दडपलेला आवाज मित्राने आपल्या मापाचा करू पाहावा, हा अनुभव मुक्तिचळवळींना अपरिचित नाही. १८४५ चा ग्रंथ या शंकेला उत्तर म्हणून लिहिला गेला. त्यात माणसांची, मळ्यांची, गावांची खरी नावे आहेत. मात्र पलायनाचा मार्ग कटाक्षाने वगळला आहे, कारण तो अजून इतरांच्या उपयोगी पडावयाचा होता. तो त्यांनी १८८१ च्या तिसऱ्या आत्मचरित्रात, गुलामगिरी संपल्यावर, उघड केला. सत्य सांगण्याइतकेच सत्य राखून ठेवणे हाही या लेखनाचा धर्म होता.

ग्रंथाच्या आरंभी विल्यम लॉईड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र आहे. दोघांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. गॅरिसन यांनी तर हे लेखन सर्वस्वी डग्लस यांचेच असल्याची ग्वाही दिली. तरी रचना अशी झाली की वाचकाला गुलामापर्यंत पोचण्यासाठी दोन उंबरे ओलांडावे लागतात. गंमत अशी की सर्वांत भक्कम साक्ष विरोधकाकडूनच आली. पूर्वी मेरीलँडमध्ये राहिलेल्या थॉम्प्सन नामक गौरवर्णीयाने वृत्तपत्रात पत्र लिहून ग्रंथ खोटा ठरविला. आपण या गुलामाला फ्रेडरिक बेली या नावाने ओळखत होतो, तो अशिक्षित आणि सामान्य होता, असा पुस्तक तो लिहूच शकणार नाही, असे त्याचे म्हणणे. डग्लस यांनी उलट त्याचे आभार मानले. आपण खरोखर मेरीलँडचे गुलाम होतो ही गोष्ट गुलामगिरीच्या समर्थकानेच सिद्ध केली होती. ओळख उघड झाल्याने पकडले जाण्याचे संकट मात्र वाढले. ते ब्रिटनमध्ये गेले, आणि १८४६ मध्ये तेथील मित्रांनी दीडशे पौंड देऊन त्यांचे कायदेशीर स्वातंत्र्य विकत घेतले.

१८५५ मध्ये त्यांनी आपले जीवन पुन्हा लिहिले. मधल्या काळात त्यांनी रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र काढले होते आणि गॅरिसन यांच्याशी त्यांचे बिनसले होते. या दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना जेम्स मॅक्यून स्मिथ यांची आहे. जन्माने गुलाम, ग्लासगो विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर आणि कृष्णवर्णीय. हमीदार बदलला एवढाच याचा अर्थ नाही. हमीची जात बदलली. स्मिथ लेखनाच्या खरेपणाची ग्वाही देत बसत नाहीत, लेखकाच्या बुद्धीचे मोल करतात. ग्रंथाच्या आतही बदल आहेत. क्रूर म्हणून ख्यात असलेल्या कोव्ही या शेतकऱ्याशी सोळा वर्षांच्या डग्लसने केलेली झुंज दोन्ही ग्रंथांत आहे. पहिल्या ग्रंथात बिल नावाचा गुलाम कोव्हीच्या मदतीला जाण्यास नकार देतो. दुसऱ्यात त्याच्याबरोबर कॅरोलाइन ही स्त्रीही नकार देते. बिल भाड्याने आणलेला, त्यामुळे कोव्हीचा हात त्याच्यावर सहज पडणारा नव्हता. कॅरोलाइन कोव्हीच्या मालकीची होती. तिचा नकार अधिक महागाचा होता. पहिल्या ग्रंथातील एकाकी नायकाच्या शौर्याला दुसऱ्या ग्रंथात सोबतीण मिळते, आणि ती दहा वर्षांनी मिळते, हे टीकाकारांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवे.

स्त्रीच्या साक्षीचा प्रश्न किती बिकट होता, हे हॅरिएट जेकब्ज यांच्या ग्रंथावरून कळते. नॉर्थ कॅरोलिनातील ईडेंटन गावी १८१३ मध्ये जन्मलेल्या जेकब्ज यांनी मालक डॉ. नॉरकॉम याच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर सुमारे सात वर्षे काढली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट, अशी ती जागा होती. गिरमिटाने पाडलेल्या भोकातून त्या आपली मुले पाहत. मुलांना आई तेथे आहे हे सांगितलेले नव्हते. याच माळ्यावरून त्यांनी मालकाला पत्रे लिहिली आणि ती न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्था केली. रस्त्याचे नाव त्यांनी गुलामगिरीच्या बाजूच्या एका वृत्तपत्राच्या तुकड्यावरून घेतले. मालक आजीकडे आला आणि पत्र म्हणून स्वतः रचलेला मजकूर वाचून दाखवू लागला. खऱ्या पत्राची लेखिका आड राहून ते ऐकत होती. मालक गुलामाच्या नावाने खोटे लिहितो आणि गुलाम त्याला खोट्या पत्त्यावर धावडवतो, असा हा कागदावरचा सामना आहे. डग्लस यांच्या झुंजीइतकाच तो प्रतिकाराचा प्रसंग आहे, पण त्यात रक्त सांडत नाही म्हणून इतिहासाने त्याची दखल उशिरा घेतली.

१८४२ मध्ये त्या उत्तरेस पोचल्या. त्यांची हकीकत हॅरिएट बीचर स्टो आपल्या पुस्तकात वापरू इच्छीत होत्या. जेकब्ज यांनी नकार दिला आणि एका कुटुंबात दाईचे काम करीत रात्री चोरून स्वतः लिहावयास घेतले. १८६१ मध्ये ग्रंथ आला. शीर्षकपृष्ठावर लेखिकेचे नाव नाही, संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांचे आहे. आत लिंडा ब्रेंट हे टोपणनाव आणि मालकालाही टोपणनाव. जे सांगावयाचे होते त्यात अविवाहित मातृत्वाची कबुली होती, आणि त्या काळच्या सभ्य वाचकवर्गापुढे ती खऱ्या नावाने देणे म्हणजे साक्षीदारालाच आरोपी करणे होते. परंतु या संरक्षणाचीच किंमत पुढे मोजावी लागली. ग्रंथ चाइल्ड यांची कादंबरी समजला जाऊ लागला. गुलामांच्या समाजजीवनाचे नामवंत इतिहासकार जॉन ब्लासिंगेम यांनीही १९७२ मध्ये तो विश्वसनीय मानला नाही. एमी पोस्ट या मैत्रिणीला जेकब्ज यांनी लिहिलेली पत्रे रॉचेस्टर येथे जतन झाली होती. त्यांच्या आधारे जीन फेगन येलिन यांनी १९८१ मध्ये कर्तृत्व सिद्ध केले आणि १९८७ मध्ये सटीप आवृत्ती काढली. ‘स्वतः लिहिलेले’ हे शीर्षकपृष्ठावरचे विधान खरे ठरावयास सव्वाशे वर्षे लागली.

मराठीचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला. ती अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांना उद्देशून आहे. आपल्या देशबांधवांपुढे एक कित्ता ठेवावा हा हेतू असल्याने ते स्वाभाविकही होते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले ते मात्र डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला. संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रोंच्या वतीने ठेवलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून या पत्रापर्यंत, कोणाकडे पाहावयाचे ती दिशाच बदलली आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे. त्याच वर्षी आलेल्या नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तिची तुलना गॅरिसन यांच्या प्रस्तावनेशी करण्याचा मोह होतो, परंतु ती सरसकट करता येत नाही. कविता ढसाळांच्या आहेत की नाहीत, असे तेथे कोणी विचारले नव्हते. जेकब्ज यांच्याशी अधिक जवळचे नाते बेबी कांबळे यांचे वाटते. ‘जिणं आमुचं’चे लेखनही अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवलेले होते, आणि तेथे लपविण्याचे कारण परका मालक नव्हता.