स्नायुक्षयाचे तरुण रुग्ण आणि रात्रीचा श्वास

वर्गात पहिल्याच तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलास आळशी ठरविणे सोपे असते. परंतु तो मुलगा स्नायुक्षयाने ग्रासलेला व चाकांच्या खुर्चीवर बसणारा असेल, तर त्या डुलक्यांचे कारण आदल्या रात्रीत शोधावयास हवे.

ड्युशेन या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा स्नायुक्षय जनुकातील दोषामुळे, मुख्यतः मुलग्यांना होतो. तो संसर्गजन्य नाही; करणी वा दैवी कोप यांच्याशीही त्याचा काडीचा संबंध नाही. लहानपणीच मूल वारंवार पडते, मांड्यांवर हात टेकून उठते. बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणे थांबते. पाय गेलेले सर्वांना दिसतात. श्वासाचे स्नायू दुबळे होत असतात ते मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही, कारण त्याची सुरुवात झोपेत होते. जागेपणी मान व छातीचे स्नायू श्वासाला हातभार लावतात. स्वप्ने पडणाऱ्या झोपेत ते शिथिल होतात आणि सारा भार आधीच अशक्त झालेल्या श्वासपटलावर येतो. श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखणे, न्याहारी नकोशी होणे, रात्री वारंवार जाग येणे, दिवसा पेंग येणे ही त्याची चिन्हे होत.

यावर बायपॅप नावाचे लहानसे यंत्र उपयोगी पडते. नाकावरील मुखवट्यातून ते प्रत्येक श्वासाबरोबर हवा दाबाने आत सोडते. त्याने रोग बरा होत नाही. आयुष्य मात्र वाढते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात मृत्यूसमयी सरासरी वय १४.४ वर्षे होते. १९९० नंतर श्वासयंत्र मिळालेल्यांचे ते २५.३ वर्षे झाले. नुसता प्राणवायू लावणे हा त्यास पर्याय नव्हे. त्याने बोटावरील मापकाचा आकडा सुधारतो, पण कार्बन डायऑक्साइड साठतच राहतो व धोका झाकला जातो.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या नार्नूर मंडळात मराठी, गोंडी, बंजारा व तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. तेथील पालकांनी अशा मुलास प्रथम आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात दाखवावे; पुढील तपासणीसाठी हैदराबादची निम्स संस्था आहे. फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी मूल चालत असल्यापासूनच दरवर्षी व्हावयास हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश असल्याने दिव्यांग प्रमाणपत्रही मिळू शकते. ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी अर्ज भरण्यास साहाय्य करावे.

पहिल्या काही रात्री मुलगा मुखवटा ओढून काढतो. त्यास रागावू नये. दिवसा थोडा वेळ लावून सवय करावी. मुखवटा रोज धुवावा. खेड्यातील वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यंत्राला बॅटरीची जोड असावी आणि ती संध्याकाळीच तपासून ठेवावी.