गाण्याच्या मध्येच 'टिंग'? दुकानातल्या कॉम्प्युटरचे आवाज असे वेगळे करा

आपल्या शिरूर-दौंडकडच्या बऱ्याच छोट्या दुकानांत बिलिंग आणि गाणी एकाच कॉम्प्युटरवर चालतात. लगीनसराईची गर्दी, गिऱ्हाईक साडीचा पदर बघतंय, छान जुनं गाणं लागलंय, आणि मोठ्या स्पीकरवर एकदम 'टिंग!' सगळ्यांच्या माना वर.

काही जण वैतागून आवाजच बंद करून टाकतात. तसं करू नका. गाणं तर जातंच, पण व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डरही कळत नाही. म्हणून आधी ठरवा, कोणता आवाज गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि कोणता फक्त काउंटरवर हवा.

सोपं काम आधी. कंट्रोल पॅनेलमध्ये 'साउंड' उघडा. 'साउंड्स' टॅबमध्ये साउंड स्कीम 'नो साउंड्स' करा, अप्लाय दाबा. विंडोजची टिंगटिंग थांबली. बारकोड स्कॅनरचा बीप याने जात नाही, तो स्कॅनरच्या आतूनच येतो. पेमेंटचा साउंडबॉक्सही वेगळं यंत्र आहे, त्याला हात लावायचा नाही.

कॉल आला की गाणं आपोआप बारीक होतं का? स्पीकर खराब नाही. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅब बघा. कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, असं विंडोजमध्ये मुळातच ठरवलेलं असतं. तिथे 'डू नथिंग' निवडा.

आता ऑर्डरच्या आवाजाचं. काउंटरवर एक छोटा यूएसबी स्पीकर लावा आणि तोच 'डिफॉल्ट' ठेवा. मग गाणी चालू करून विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर इथे जा. गाण्यांच्या ॲपपुढे आउटपुट म्हणून मोठा स्पीकर निवडा. एकाच हिरव्या पिनला जोडणी लावून दोन स्पीकर काढले तर ही विभागणी होत नाही, दोन्हीकडे तेच वाजतं.

इथे खरी गोम आहे बघा. गाणी आणि व्हॉट्सॲप वेब दोन्ही क्रोममध्ये चालू असतील, तर मिक्सरला ते एकच ॲप दिसतं. टॅब वेगळा करून उपयोग नाही. गाणी फायरफॉक्समध्ये लावा, नाहीतर पेनड्राइव्हवरून व्हीएलसीमध्ये. क्रोम ऑर्डरसाठी राहू द्या. (यूट्यूबच्या जाहिराती मात्र गाण्याच्याच वाटेने येतात, त्या यातून थांबणार नाहीत. आणि दुकानात गाणी वाजवायच्या परवान्याचंही बघून घ्या, तो विषय मोठा आहे.)

झालं की दुकान उघडायच्या आधी घरच्या कोणाच्या तरी फोनवरून दुकानाच्या नंबरवर एक मेसेज आणि एक कॉल करून बघा. तुम्ही दाराशी उभे राहा, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. तिथून फक्त गाणं ऐकू आलं पाहिजे.