चि. अनिरुद्धास : गाडी उंच करण्याविषयी



तुझे पत्र आणि त्यासोबत धाडलेली स्प्रिंगांची व शॉकॲब्सॉर्बरांची दरपत्रके पोहोचली. जिम्नी दोन इंच उंच करावी की तीन, एवढेच तू विचारले आहेस. दरपत्रकांत रंग, किंमत आणि हमीची मुदत यांचा तपशील भरपूर आहे. परंतु स्प्रिंग किती वजन गृहीत धरून वळली आहे आणि ती एक मिलिमीटर दबण्यास किती भार लागतो, हे दोन आकडे, ज्यांच्यावाचून स्प्रिंग पसंत करणे म्हणजे माप न देता अंगरखा शिवायला टाकणे होय, एकाही कागदावर नमूद नाहीत. तेव्हा उंचीचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवून, गाडीवर वजन किती राहणार आणि ती कोणत्या वाटेने जाणार, याचा विचार आपण आधी करू.

उंच स्प्रिंगा घातल्या की गाडीचा प्रत्येक भाग जमिनीपासून वर जातो, हा गैरसमज प्रथम दूर करतो. जिप्सीला चारही चाकांवर पाटे होते. जिम्नीला पुढेमागे स्प्रिंगा आल्या, पण ॲक्सल दोन्हीकडे जिप्सीप्रमाणेच अखंड राहिले. अशा गाडीला उंच स्प्रिंगा घातल्या म्हणजे चेसिस वर जाते, ॲक्सल मात्र चाकांच्या मध्यावर होते तिथेच राहते. गाडीचा जमिनीपासूनचा अवकाश २१० मिलिमीटर सांगतात. पण खडकाला पहिला घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि स्प्रिंग कितीही उंच घेतलीस तरी तो केसभरही वर सरकत नाही. त्याला उचलते ते टायर, आणि तेही व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्म्यानेच. कारखान्यातून आलेला १९५/८० चा टायर काढून २३५/७५ चा घातलास तर व्यास सुमारे ४० मिलिमीटर वाढेल आणि गोळा २० मिलिमीटर वर जाईल. मग उंच स्प्रिंगांचा लाभ कोणता? मोठ्या टायरास मडगार्डाखाली जागा मिळते, बंपर चढाला टेकत नाही आणि पोट उंचवट्यावर अडकत नाही. आपल्याकडची पाच दारांची जिम्नी तीन दारांच्या जिम्नीहून लांब, तिच्या चाकांमधील अंतर २५९० मिलिमीटर. त्यामुळे वेल्ह्याकडच्या वाटांवर तिचे पोटच आधी टेकते. तिथे चेसिस ४० मिलिमीटर वर गेले तर पुढच्या-मागच्या चाकांमधला, पोटाखालचा कोन तीन-साडेतीन अंशांनी सुधारतो. हा लाभ क्षुल्लक नव्हे. परंतु तो एवढाच आहे, हे लक्षात असू दे.

आता वजनाकडे वळू. पोलादी बंपर आणि विंच बसविण्याचा मानस तू कळविला आहेस. दोहोंचे मिळून ८० किलो धर; प्रत्येक पुढील स्प्रिंगेवर निदान ४० किलो आले, आणि वस्तुतः हे वजन ॲक्सलच्याही पुढे लोंबत असल्यामुळे त्याहून थोडे अधिकच. स्प्रिंग दर मिलिमीटरला दोन किलोची असेल, तर ती २० मिलिमीटर दबली, म्हणजे ४० मिलिमीटरसाठी मोजलेल्या दामांपैकी निम्मे त्या बंपराने वसूल करून घेतले. उलटपक्षी, एवढे वजन गृहीत धरून वळलेली स्प्रिंग तू मोकळ्या गाडीला घातलीस, तर नाक वर करून उभी राहिलेली ती गाडी पौड रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर तुझा कणा तपासील. स्प्रिंग निवडावी ती कायमच्या वजनावर, वर्षाकाठी एकदा लादावयाच्या सामानावर नव्हे. एरवी तू एकटाच हिंडतोस, तेव्हा मागील स्प्रिंगा हलक्याच घे. आणि विंच खरोखर हवी की शोभेला हवी, याचा निर्णय स्प्रिंगांची मागणी नोंदविण्यापूर्वी कर, नंतर नव्हे.

स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतो, आणि वेटोळ्याचा व्यास वाढला तर त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतो. तार दशांशाने जाड झाली, तर बाकी सर्व तेच राहूनही स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. म्हणून दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून ‘ही जरा जाडच आहे’ असे जे सांगितले जाते, त्यात ‘जरा’ या शब्दाला काही किंमत नाही. जुन्याच स्प्रिंगेवर चकती ठेवून गाडी उचलण्याचा स्वस्त तोडगा तुला कोणीतरी सुचविला आहे. चकतीने ताठरपणा बदलत नाही हे खरे, पण मूळ शॉकची लांबीही बदलत नाही. गाडी जितकी वर गेली तितके चाक खाली सोडण्याचे अंतर शॉकपाशी कमी उरते, आणि ओढ्यात एक चाक खड्ड्यात उतरले की ते जमीन शोधण्याऐवजी अधांतरी लोंबते. ज्यासाठी हा खटाटोप करावयाचा तेच गमवावे, हा व्यवहार मला पटत नाही.

शॉकविषयी सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रात त्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे. गाडी तोलून धरणे हे स्प्रिंगेचे काम; तिने साठविलेली शक्ती तेलाला बारीक छिद्रांतून रेटून उष्णतेत जिरविणे हे शॉकचे. स्प्रिंग ४६ टक्के कडक झाली तर पूर्वीचाच तोल राखण्यास शॉकचा अवरोध त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे २० टक्के वाढावयास हवा. तो वाढला नाही तर गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही डुलत राहते. यास्तव स्प्रिंग एका दुकानातून आणि शॉक दुसऱ्या दुकानातून घेऊ नकोस. दोन्ही एकमेकांसाठी जुळविलेले असावेत. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो, दगडाने बाहेरची नळी चेपली तरी काम करीत राहतो, आणि सह्याद्रीतल्या संथ चढउतारांना तो पुरेसा आहे. एकेरी नळीचा, दाबाखालील नायट्रोजन भरलेला शॉक उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि त्याच्या तेलाचा फेस होत नाही. स्पितीसारख्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास गाडी पळवावयाची असेल तर तो उपयोगी पडतो, परंतु त्याच्या नळीला दगड लागून पोचा आला की आतला दट्ट्याच अडकतो. तुझी ये-जा बहुतेक भोर-वेल्ह्याकडची. तेव्हा मी पहिल्याच प्रकाराच्या बाजूने कौल देतो.

शॉकची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली अशा दोन लांब्या विक्रेत्याकडून लेखी घे. बसविताना मिस्त्रीला सांग, की प्रथम स्प्रिंगा न घालता नुसते शॉक जोड आणि ॲक्सल जॅकने बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर उचल. तेव्हाही शॉकची दांडी बोटभर बाहेर उरली पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या आदळण्याला बंपस्टॉपऐवजी शॉकच मार खाईल. मग स्प्रिंगा घालून चाके पुरती लोंबू देऊन पाहावे: स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही ना, आणि ब्रेकचे रबरी नळ ताणले जात नाहीत ना. ही परीक्षा तासाभराची आहे. मिस्त्री टाळाटाळ करू लागला तर गाडी तेथून काढून आण.

उंची वाढली की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, घटतो आणि स्टिअरिंग आपण होऊन सरळ होण्यास कुचराई करते, त्यासाठी वेगळे बुश मिळतात. आडव्या पॅनहार्ड दांडीमुळे ॲक्सल एका बाजूस सरकते, तिला लांबी जुळविता येणारी दांडी आहे. हेडलाइटचा झोतही खाली आणावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांना मर्यादा घालते, म्हणून परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा कर व उत्तरे जपून ठेव.

एवढे सर्व ध्यानात घेता माझे मत दोन इंचांहूनही कमी, म्हणजे ४० मिलिमीटरच्या बाजूचे आहे. तीन इंच उंच केलेल्या गाडीला वर सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती अपरिहार्य ठरते, आणि घाटातल्या वळणावर गुरुत्वमध्य उंच गेल्याची जाणीव तुला नसली तरी शेजारी बसलेल्या तुझ्या आईला खात्रीने होईल. काम पूर्ण होताना एक गोष्ट मात्र स्वतः उभा राहून करून घे: दांड्यांच्या बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळू देऊ नकोस, ती चारही चाकांवर उभी राहिल्यावरच आवळावयास सांग; नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहून थोड्याच महिन्यांत फाटते. आणि आता गाडी आहे तशीच सपाट फरशीवर उभी करून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची मापे मिलिमीटरमध्ये मला लिहून पाठव. टाकी किती भरलेली होती तेही कळव. ती मापे हाती आली म्हणजे स्प्रिंगेचा नंबर ठरवू.

तुझा,
मामा