सट्ट्याचा हिशेब : कायदेशीर केला तर आपले काय?

क्रिकेटचा मोसम सुरू झाला की बाजारात मालाच्या भावाबरोबर सामन्याचाही भाव विचारला जातो. नवी मुंबईत तर हे अधिकच दिसते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १ जून २००८ रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी याच मैदानावर विश्वचषक जिंकला. खेळ घराजवळ आला ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच्या मागोमाग सट्टाही आला. खारघर, पनवेल, कोपरखैरणे या भागांतल्या नव्या इमारतींत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, म्हणून बुकी मंडळींना भाड्याची खोली सहज मिळते. दोन-चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि एक टीव्ही एवढ्यावर त्यांचे दुकान चालते.

हा सट्टा कायदेशीर करावा, सरकारला कर मिळेल, काळा पैसा उजेडात येईल, असे म्हणणारे अनेक आहेत. विरोध करणारेही आहेत. आपण व्यापारी आणि कारागीर आहोत, तेव्हा आधी हिशेब मांडू आणि मग मत बनवू.

बुकीचा नफा कुठून येतो?

बाजारात 'लगाई' म्हणजे एखाद्या संघावर पैसे लावणे आणि 'खाई' म्हणजे समोरच्याने लावलेला पैसा आपल्या अंगावर घेणे. लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात. बोलणे तोंडी, वही गुप्त आणि हिशेब ठरल्या दिवशी रोखीने चुकता. सामन्याच्या निकालाशिवाय अमुक षटकांत किती धावा होतील यावरही 'सेशन'चा सट्टा चालतो.

समजा दोन्ही संघ बरोबरीचे आहेत. न्यायाने १०० रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर १०० रुपये मिळायला हवेत. बुकी भाव देतो ९० पैशांचा, म्हणजे १०० वर ९०. एकाने एका संघावर १०० लावले, दुसऱ्याने दुसऱ्या संघावर १०० लावले. कोणीही जिंको, बुकी हरलेल्याकडून १०० घेतो, जिंकलेल्याला ९० देतो आणि १० आपल्या खिशात टाकतो. त्याला क्रिकेट कळण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंचा पैसा सारखा राखला की झाले. एका बाजूला पैसा जास्त झाला तर तो वरच्या बुकीकडे उतरवतो.

आता लावणाऱ्याचा हिशेब पाहा. वीस सामन्यांत प्रत्येकी १०० रुपये लावले, दहा जिंकले, दहा हरले. मिळाले ९००, गेले १,०००. निम्मे सामने जिंकूनही १०० रुपयांचा तोटा. नुसते बरोबरीत राहायचे तर शंभरात जवळजवळ ५३ वेळा जिंकले पाहिजे. कापडाच्या धंद्यात निम्मे सौदे नफ्याचे आणि निम्मे तोट्याचे झाले तरी माणूस तग धरतो, कारण तोट्याच्या सौद्यातही माल हातात उरतो. इथे हातात काही उरत नाही.

धंद्यातली जोखीम आणि सट्टा

काहीजण विचारतात, 'व्यापारातही जोखीम आहेच ना? मग फरक काय?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याच धंद्याच्या इतिहासात आहे. मुंबईचा 'आकडा' कापसातून जन्माला आला. न्यू यॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापूस कोणत्या भावाने उघडला आणि बंद झाला याचे आकडे मुंबईत येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. एक गाठही विकत न घेता, कापूस डोळ्यांनी न पाहता. १९६१ मध्ये तिकडून आकडे येणे थांबले. पण लत थांबली नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा. कापूस गेला, चिठ्ठ्या आणि पत्ते आले. गिरणगावातल्या कामगारांच्या पगाराचा केवढा तरी हिस्सा या मडक्यात गेला.

यावरून फरक ओळखावा. व्यापारी भिवंडीहून ग्रे कापड घेतो, रंगवून घेतो, दुकानदाराला देतो. भाव पडला तर तोटा सोसतो, पण या साखळीत विणकर, रंगारी, हमाल, शिंपी सर्वांच्या हाताला काम मिळते. सट्ट्यात एकाचे जेवढे जाते तेवढेच दुसऱ्याला मिळते, मधला दलाल आपला हिस्सा कापतो आणि नवीन काही तयार होत नाही. ज्या सौद्यात माल द्यायचा-घ्यायचा इरादाच नाही, फक्त भावातला फरक चुकवायचा आहे, तो सौदा कापसाचा असो, शेअरचा 'डब्बा' असो की क्रिकेटचा, जातीने एकच.

कायदा आज काय सांगतो?

'सट्टेबाजी आणि जुगार' हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा लागू आहे. आपल्या बांधवांनी त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुगाराचा अड्डा चालवणाराच नव्हे, तर जाणूनबुजून आपली जागा त्यासाठी वापरू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ प्रमाणे टोळीने केलेली बेकायदा सट्टेबाजी हा किरकोळ संघटित गुन्हा असून त्याला एक ते सात वर्षांची शिक्षा आहे.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे. सट्ट्यातले येणे दिवाणी कोर्टात वसूल होत नाही. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेसाठी दिलेल्या उसनवारीचा दावाही बंद केला. कोर्टाचा दरवाजा बंद म्हटल्यावर वसुली कोण करतो आणि कशी करतो, हे सांगायला नको.

१९५७ मध्ये मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाहीच. घोड्यांच्या शर्यतीला मात्र १९९६ मध्ये याच न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानले. महालक्ष्मीला परवान्याने बोली लागते ती वेगळ्या कायद्याखाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा त्यात सांगितली आहे.

परवानगी द्यावी का?

परवानगीच्या बाजूने मोठी नावे आहेत. आयपीएलच्या २०१३ च्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करावा, खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांना मात्र त्यापासून दूर ठेवावे, अशी शिफारस केली. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. उघड्या धंद्याची वही तपासता येते, संशयास्पद सौदा पकडता येतो. २०१३ च्या खटल्यातले आरोपी २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयातून सुटले, तेव्हा सामना ठरवून खेळण्याविरुद्ध वेगळा कायदा नाही ही उणीव सर्वांना दिसली.

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न विधी आयोगाकडे सोपवला. जुलै २०१८ च्या २७६ व्या अहवालात आयोगाने म्हटले की बंदी इष्ट आहे, पण ती पाळून घेता येत नसेल तर नियमन करावे. नियमन कसे? रोखीने व्यवहार नको, पॅन-आधार जोडलेले हवे, आणि सरकारी अनुदान घेणारे किंवा आयकर-जीएसटीच्या कक्षेत न येणारे यांना सट्ट्यात प्रवेश नको.

इथेच थांबून विचार करू. आपला शिंपी, जरीवाला, लूमवरचा कारागीर बहुधा या वगळलेल्या यादीतच येतो. म्हणजे शेठला परवानगी आणि कारागिराला मनाई. मग कारागीर कुणाकडे जाईल? जो आज फोनवर पैसे घेतो त्याच्याकडेच. काळा बाजार जिथल्या तिथे राहील.

दुसरा मुद्दा कराचा. ऑनलाइन खेळ, कॅसिनो आणि शर्यतींवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यत, कॅसिनो, सट्टा यांना ४० टक्के दर ठरला. वरच्या हिशेबात बुकीला २०० रुपयांमागे १० रुपये सुटतात. एवढा कर भरून परवानेवाला बुकी ९० पैशांचा भाव देऊच शकत नाही; कर न भरणारा आरामात देतो. कर कमी केला तर सरकारला काय मिळाले? जास्त ठेवला तर गिऱ्हाईक पुन्हा चोरवाटेने गेले.

इंग्लंडने १९६० च्या कायद्याने सट्ट्याची दुकाने उघडायला परवानगी दिली. साठ वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, तिथल्या आयोगाला क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी घालावी लागली, कारण लोक कर्ज काढून खेळत होते. आपल्या महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधीच लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.

आपला दीन काय सांगतो?

कुरआन शरीफने सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत जुगारात काही फायदा आहे हे नाकारलेले नाही; त्याचा गुनाह त्या फायद्याहून मोठा ठरवला आहे. सूरह माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत त्याला सैतानी काम ठरवून आपसातले वैर आणि नमाजपासून दुरावा ही त्याची फळे सांगितली आहेत. म्हणून सरकारने उद्या परवाना दिला तरी मुसलमानासाठी हुकूम बदलत नाही. व्याज कायदेशीर आहे, दारूची दुकाने कायदेशीर आहेत. कायद्याची परवानगी आणि हलाल या दोन वेगळ्या वह्या आहेत.

दुकानदार आणि कारागिरांनी काय करावे?

१. बँकेचे खाते, चेकबुक किंवा सिमकार्ड कुणालाही वापरायला देऊ नये. दरमहा काही हजार मिळतील या आशेने लहान व्यापाऱ्यांची चालू खाती मागितली जातात. 'महादेव' ॲपच्या तपासात ईडीने सांगितले की दुबईकडून 'पॅनल' वाटले जात आणि नफा ७०-३० होत असे. अशा रकमा आपल्या खात्यातून फिरल्या तर खाते गोठते आणि मालाचे खरे पैसेही अडकतात.

२. गाळा किंवा फ्लॅट भाड्याने देताना भाडेकरार नोंदवावा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.

३. भागीदारीच्या करारात लिहावे की कोणताही भागीदार पेढीचा पैसा सट्ट्यात लावणार नाही. लावल्यास भागीदारी संपेल.

४. उधारीवर नजर ठेवावी. वेळेवर चुकते करणारा दुकानदार सामन्यांच्या दिवसांत तारखा मागू लागला, तर माल थोडा द्यावा आणि एकांतात प्रेमाने विचारावे. चारचौघांत बदनाम करू नये.

५. कारागिराचा पगार आठवड्याला द्यावा आणि त्यातला काही भाग त्याच्या संमतीने बचत खात्यात किंवा घरच्या माणसांकडे जावा. अडकलेल्याला बुकीचे देणे फेडायला उसने देऊ नये. त्याच्या घरी धान्य आणि मुलांची फी पोचवावी. मोहल्ल्याच्या मशिदीच्या जमातीने, बैतुलमालने हे काम हाती घ्यावे.

सरकार परवानगी देईल की बंदी कडक करील, ते दिल्लीत ठरेल. आपल्या दुकानाची वही मात्र आपल्या हातात आहे. ती स्वच्छ राहिली तर थोड्या नफ्यातही अल्लाहतआला बरकत देईल, इन्शाअल्लाह.